गुरुवारी तापलेली अंगठी

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव बाहेर ठेवले आणि त्यांच्या मागोमाग भूतंही गेली, असं आई म्हणते. पर्वती पायथ्याच्या आमच्या अख्ख्या खानदानात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले. बी.ई. मेटलर्जी, फर्स्ट क्लास. तेव्हा खालचं वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा. मीही हसून बघितलंय... जमलं नाही.

नऱ्ह्यातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी क्वालिटी बघते. सकाळी स्वारगेटहून बस, बहुतेक उभ्यानेच. आमच्याकडे हाय फ्रिक्वेन्सी इंडक्शन मशीन आहे. तांब्याच्या नळीची कॉइल असते, तिच्या पोकळीत लोखंडी पार्ट धरायचा. ना जाळ, ना धूर, चार सेकंदांत पार्ट लालभडक. लगेच त्यावर पाण्याचा फवारा, की वरचा थर कडक. टेम्पोच्या स्टिअरिंगमध्ये बसणाऱ्या पिना हे आमचं मुख्य काम. ती पिन तुटली तर चाक ड्रायव्हरचं ऐकत नाही. पुढचं सांगायला नको.

कॉइलजवळ अंगावर धातू चालत नाही, तोही तापतो. म्हणून दाराशेजारी, मशीनपासून चांगली दहा फूट लांब, खिळे ठोकलेली एक लाकडी फळी आहे. आल्यावर घड्याळ, अंगठ्या, मंगळसूत्रं तिथे टांगायची, जाताना घ्यायची. सगळ्यात डावीकडच्या खिळ्यावर मोरेकाकांची अंगठी.

मोरेकाका आमचे जुने ऑपरेटर. नऱ्हे गावातलेच. त्यांच्या शेतात बिल्डिंगा उभ्या राहिल्या तरी त्यांनी मशीन सोडलं नाही. अंगठी घोड्याच्या नालेची, काळी, शनीसाठी. मी एकदा म्हटलं, "काका, शनी तिकडे आकाशात. तुमच्या बोटात काय करतोय?"

"बोट माझं, शनी माझा. तुमी रिपोर्ट लिवा, मॅडम."

काकांची एक पद्धत होती. प्रत्येक लॉटचा पहिला नग ते बाजूला ठेवायचे. दुसऱ्या दिवशी तो रॉकेलात बुडवायचा, कोरडा पुसायचा आणि वर खडू फासायचा. केसाएवढा जरी तडा असला तरी आतलं रॉकेल झिरपून पांढऱ्यावर रेघ उमटते. तोवर लॉट हलू द्यायचे नाहीत. "नग शिळा होऊ द्या. तडा लगीच पडत न्हाय. माणसाचं बी तसंच हाय. लागतं आज, दुखतं उद्या."

पुस्तकातही हे आहे, मी परीक्षेत लिहिलंय. पण पुस्तकात असंही आहे की कडक केलेला पार्ट लगेच ओव्हनमध्ये हलका तापवला की ताण निघून जातो आणि नंतर तडा जात नाही. ओव्हन आमच्याकडे होता. मग एक दिवस थांबायचं कशाला? मी पद्धत बंद केली. काका ऐकेनात, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं, "काका, पिना करायच्यात, लोणचं नाही मुरवायचंय." सगळे हसले. काका नाही हसले. महिन्याभरात मोतीबिंदूचं निमित्त करून घरी बसले. अंगठी खिळ्यावरच राहिली.

त्याला आठ महिने झाले असतील. गुरुवार होता. आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते, त्या दिवशी सकाळपासूनच नव्हती. मशीन बंद, पंखे बंद. बुधवारी केलेले चार क्रेट पिना दाराशी तयार. माझी सही झाली की चारच्या गाडीने जाणार. साहेबांचे दोन फोन येऊन गेले होते. पाठ दुखत होती, ऑडिटचे कागद संपत नव्हते. फक्त सही करून घरी जावं, एवढंच डोक्यात होतं.

आदल्या दिवशी घड्याळ खिळ्यावर विसरले होते. ते काढायला गेले आणि शेजारच्या अंगठीला बोटं लागली.

भाजलं.

कोमट वगैरे नाही. तव्याला लागावं तसं भाजलं. मी ओरडले तशी आमच्या इन्स्पेक्शनच्या वंदनाताई आल्या. "विंचू चावला का?"

"अंगठी... तापलीय."

"उपाशी आहात का मॅडम? लाइट कुठाय तापायला?" असं म्हणत त्यांनी बाटलीतलं पाणी अंगठीवर उडवलं. चर्रर्र झालं. ताई दोन पावलं मागे सरकल्या. "आई गं..." त्यानंतर त्यांनी विनोद केला नाही.

माझं घड्याळ स्टीलचं, चार बोटांच्या अंतरावर लटकलेलं. थंड. फळीवर ऊन येत नाही. जनरेटर आमच्याकडे नाही. मेन स्विच मी स्वतः जाऊन पाहिला. फळीवर अंगठीच्या आकाराचा तपकिरी डाग मात्र पडला होता.

मला काही संकेत वगैरे मिळाला, असं म्हणणार नाही. अंगठा आणि शेजारचं बोट टरारून फुगली होती, पेन धरवत नव्हतं. सही थांबली ती त्यामुळे. ताई अंगठीकडे बघत हळूच म्हणाल्या, "काकांचं रॉकेल आहे अजून फळीखाली. पहिला नग बघायचा का... नुसतं आपलं?"

नग रॉकेलात बुडवून पुसला, डाव्या हाताने खडू फासला. दहा मिनिटांत रेघ उमटली. बारीक, तिरकी. मग आणखी दहा पिना तपासल्या. चारांना तडा.

लॉट थांबवला. साहेब फोनवर जे बोलले ते इथे लिहीत नाही. पुढे ओव्हन उघडला तेव्हा कळलं, डिस्प्लेवर तापमान बरोबर दिसत होतं पण आत हीटरच गेला होता. तड्यांचं कारण मिळालं, रिपोर्टात लिहिलं. पण आठ महिने बंद असलेली टेस्ट नेमकी त्याच दिवशी का केली, असं साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "सहज."

रविवारी अंगठी रुमालात बांधून काकांकडे गेले. काका काळा चष्मा लावून ओट्यावर बसले होते. आधी लोणच्याच्या बोलण्याची माफी मागितली. मग सगळं सांगितलं. वाटलं, आता शनीचं माहात्म्य ऐकावं लागणार.

"लोखंड हाय, तापलं आसंल," काका म्हणाले. "शनीला दुसरी कामं न्हाईत व्हय?"

"काका, लाइट नव्हती."

"मशीन?"

"मेन स्विच बंद. मी बघितलाय."

काकांनी हात पुढे केला. रुमाल सोडून अंगठी बराच वेळ बोटांनी चाचपत राहिले. मग परत बांधून माझ्या हातात दिली. "मग मला बी न्हाय म्हाईत. खिळ्यावरच ऱ्हाऊ द्या. आन् नग शिळा करत जावा."

आता पहिला नग शिळा होतो. नवा ओव्हन आला तरीही. अंगठी का तापली, हे मी दोन जुन्या प्राध्यापकांना विचारलं, एकाने विषय बदलला, दुसऱ्याने चहा मागवला. बोटाचा ठसा हजेरीचं मशीन अजून घेत नाही, डाव्या हाताने लावते.

आणि रोज, सहीला बसण्याआधी, कुणी बघत नाहीसं पाहून मी त्या अंगठीला हात लावते. रोज थंड असते. मग सही करते.