आधीचा फोटो, नंतरचा फोटो

पोर्टफोलिओ हा शब्द कोणी उच्चारला तरी हल्ली माझं डोकं फिरतं. आणि पोट त्याच्यावरच चालतं, म्हणजे बोंब मारायची सोय नाही. शहापूरला, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वर, आमची डिझाइन शिकवणारी संस्था आहे. किन्हवली, मुरबाड, कसारा, कुठून कुठून पोरं येतात. वर्षाच्या शेवटी त्यांची कामं एकत्र बांधून नोकरी मागायला पाठवायची, हे माझं काम. कामं तरी कसली? कॉफीच्या एका नसलेल्या दुकानाचा लोगो. नसलेल्या अत्तराची बाटली. जन्मात चहाशिवाय काही न प्यायलेलं पोर कॉफीच्या कपाला कोणता तपकिरी शोभेल यावर माझ्याशी वाद घालतं. मीही घालते. डोंबलाची कॉफी!

मी पूर्वी मुंबईत जाहिरातींचं काम करायचे. आई अंथरुणाला खिळली म्हणून किन्हवलीला परत आले. ती गेली आणि मी राहिले. संस्थेच्या सरांना मुंबईचा अनुभव असलेली बाई हवीच होती. डिझाइनबरोबर दर शनिवारी मी पोरांना नोकरीत वागायचं कसं तेही शिकवते. हात कसा मिळवायचा, 'स्वतःबद्दल सांगा' म्हटल्यावर बापाच्या नावापासून सुरुवात करायची नाही, आणि गिऱ्हाईक चुकतंय असं वाटलं तरी तोंडावर बोलायचं नाही. हा शेवटचा धडा मला स्वतःला कधी जमला नाही. तरी शिकवते.

गेल्या वर्षी वर्गात एक मुलगी होती, मुरबाडकडच्या डोंगराखालच्या पाड्यावरची. बोलायला एकदम कमी, पण काम असं नेटकं की तपासताना मला चूक सापडेना, आणि चूक सापडली नाही की मला करमत नाही. तिला घरच्यांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर नोकरी लागली तर ठीक, नाहीतर थोरल्या बहिणीसारखं पडघ्याच्या गोदामात खोकी भरायला जायचं. बहीण रात्री घरी आली की सुजलेले पाय भिंतीला वर लावून पडायची, न जेवता. "मला तिकडं नाय जायचं, मॅडम," एवढंच ती एकदा म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणाली नाही, पण मला ते पुरलं.

पावसाळा सरता सरता सर वर्गात आले, हातात पेनड्राइव्ह, चेहऱ्यावर लग्नघरातला आनंद. हायवेवर ऑफिस असलेला एक शेठ फार्महाऊसचे प्लॉट विकायचा. त्याला माहितीपत्रक बनवून हवं होतं. सगळ्या वर्गानं करायचं, ज्याचं पसंत पडेल त्याला शेठ नोकरीवर घेणार. पेनड्राइव्हमध्ये ड्रोननं काढलेला एक फोटो होता. हिरवागार उतार, मागं डोंगर, आणि उजव्या कोपऱ्यात थोडी घरं. शेठची अट एकच होती, ती घरं काढून टाकायची. विकायची जमीन घरांखालची नव्हती, नुसत्या उताराची होती. पण गिऱ्हाइकाला म्हणे शांतता लागते.

"का? ती माणसं काय दिवसरात्र ढोल वाजवतात?" मी विचारलं.

"मॅडम, पोरांच्या पोटावर पाय देऊ नका," सर म्हणाले. झालं. ह्या वाक्यापुढं कोण बोलणार?

फोटोतली वस्तू काढून टाकणं फार अवघड नसतं. शेजारचं गवत उचलायचं आणि वस्तूवर चिकटवायचं. अवघड असतं ते कळू न देणं. पोरं कामाला लागली. मी फिरत फिरत तिच्या मागं येऊन उभी राहिले, तर तिनं फोटोचा कोपरा मोठा करून ठेवलेला आणि हात माऊसवर नुसताच.

"काय गं? घोडं कुठं अडलं?"

"हे आमचं घर हाय, मॅडम," ती म्हणाली. बोटानं दाखवलं. कौलं, अंगण, मागची पेंढ्याची उडवी. "हे काकाचं. ही शाळा."

माझ्या अंगाची आग झाली. "बंद कर ते आधी. मी सरांशी बोलते. तुला दुसरा फोटो देऊ."

"दुसरा घेतला तर नोकरी पण दुसऱ्यालाच लागंल."

"अगं पण स्वतःचं घर पुसणार तू?"

"घर कुठं पडतंय, मॅडम? संध्याकाळी जाईन तर तिथंच असंल. फोटोतलंच जातंय ना?"

शेठचा राग आला, सरांचा आला, आणि खरं सांगते, तिचाही आला. एवढं शांतपणे कसं बोलते ही कार्टी? मी तशीच वळले आणि दुसऱ्या एका पोराच्या कामावर उगाचच खेकसले. त्या बिचाऱ्याला आजही कळलं नसेल मी का ओरडले ते.

संध्याकाळी कामं बघितली. बाकीच्यांनी घरं पुसली होती तिथं ठिगळांची गोधडी झालेली. एकानं तर पाड्यावर अख्खं तळं ओतलं होतं. हिच्या फोटोत घरांच्या जागी उतार होता, आणि तो खराच वाटत होता. वर करवंदाच्या जाळ्या, मध्ये काळा कातळ, खाली गवत. घरं नसती तर तिथं काय उगवलं असतं हे तिला ठाऊक होतं. इतकं सुंदर काम आमच्या संस्थेत त्याआधी झालं नव्हतं, आणि मला ते बघवत नव्हतं.

शेठ दुसऱ्या दिवशी आला. सगळे कागद भराभर उलटले आणि हिच्यापाशी थांबला. "वा! एकदम साफ!" त्याला ती कुठली हे कोणी सांगितलं नाही. तीही बोलली नाही. दिवाळीच्या आधी तिला नोकरी लागली, सरांनी पेढे वाटले, आणि मीही एक खाल्ला. तिचा पोर्टफोलिओ मीच शेवटचा नीट लावून दिला. डावीकडं आधीचा फोटो, उजवीकडं नंतरचा, खाली तिचं नाव. कॉफीची आणि अत्तराची सगळी भाकडकथा त्या एका पानापुढं फिकी पडली, कारण सगळ्या पोर्टफोलिओत खऱ्या गिऱ्हाइकासाठी केलेलं काम तेवढं एकच होतं.

सर कसले गप्प बसतात! त्यांनी त्या पानाचा दाराएवढा फ्लेक्स करून जिन्यात लावला. वर तिचा हसरा फोटो आणि 'आमच्या विद्यार्थिनीला नोकरी'. नव्या वर्षाचे प्रवेश खेचायचे होते ना.

दिवाळी झाल्यावर तिची आई आली. बाजाराचा दिवस होता. पिशवीत नवे तांदूळ, माझ्यासाठी आणलेले. लेक जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातून तिला भेटायला आली होती, तीच घेऊन आली वर. मी स्वागताला जिन्यात गेले तर आई फ्लेक्ससमोर थांबलेली.

"ये बाय! हे तर आपलं घर!" ती हसतच सुटली. "हे बघ, माजं लुगडं वाळत घातलंय दोरीवर. मॅडम, आमचं घर लावलंव तुमी हितं?" सत्कार झाल्यासारखी माझ्याकडं बघत होती. मग तिनं उजवीकडचा फोटो बघितला. डावीकडं बघितलं, पुन्हा उजवीकडं. पुढं होऊन हातानं चाचपलं. "हितलं कुठं गेलं?"

मी तोंड उघडलं होतं, काहीतरी थाप मारणारच होते. लेक आधी बोलली. "मी काढलं, आई. सायबाला नको होतं. त्याच्यावरच नोकरी लागली मला."

मला वाटलं, आता ही बाई चिडणार. चिडली असती तर बरं झालं असतं, मीही तिच्या बाजूनं चार शिव्या घातल्या असत्या. पण ती ओशाळली. पदर सारखा केला, माझ्याकडं एकदा बघितलं, आणि लेकीला हळूच विचारलं, "घाण दिसत होतं का गो?"

"नाय गो आई."

"आधी सांगायचंस ना. लुगडं काढलं असतं मी दोरीवरनं. अंगण सारवलं असतं."

पोर जिन्यातच खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. आईला कळेना काय झालं, ती तिच्या पाठीवरून हात फिरवत "चुकलं माजं, चुकलं माजं" म्हणत राहिली. मला त्या दोघींजवळ बसायचं होतं. पण तिची सुट्टी संपत आली होती, आणि उशीर झाला की शेठ बोलतो. म्हणून मीच तिला दंडाला धरून उठवलं, तोंड धुवायला पाणी दिलं आणि कामावर पाठवलं.