चाळीस टक्क्यांवरचा पंखा

संगणकाचा आवाज हा काही रडायचा विषय नव्हे, हे मलाही कळतं. पण गेल्या उन्हाळ्यात मी त्याच्यावरून दोनदा रडले आणि रोज चिडले, आणि शेजारीपाजारी कुणाला सांगण्याची सोय नव्हती. संगणकातल्या पंख्याचा आवाज येतो म्हणून रडणाऱ्या पन्नाशीच्या बाईला लोक काय म्हणणार?

तळेगावात आमचा तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. हॉलमध्ये आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, कॉट. आतल्या खोलीत माझं टेबल आणि टेबलाखाली संगणक. मी कारखान्यांतल्या सुट्या भागांची ड्रॉइंग करते. पत्रा कुठे वाकवायचा, भोक कुठे पाडायचं, सगळं आधी पडद्यावर उभं करून बघायचं असतं. ऑफिस पुण्यात, पण मी घरून काम करते, कारण आबांना एकटं सोडता येत नाही. काचबिंदूनं त्यांची नजर गेली. उजेड-अंधार तेवढा कळतो. वय ब्याऐंशी. भिंतीला धरून मोरीपर्यंत जातात, परत येतात. गॅसपाशी जाऊ नका म्हटलं तरी जातात.

मी ऑफिसला जायला लागले तर आबांनी वलवणला माझ्या बहिणीकडे राहायचं, असं आम्ही दोघी बहिणींनी ठरवून ठेवलेलं. एकदा आठ दिवसांसाठी पाठवलंही होतं. धरणाच्या बाजूचं घर, हवा छान, बहीण जिवाला जीव देणारी. आबा चौथ्या दिवशी परत आले. "तितं लय गप्प असतं," एवढंच म्हणाले. बहिणीला वाईट वाटलं. मला सुटल्यासारखंही वाटलं आणि अडकल्यासारखंही.

तर असं सगळं त्या घरून करायच्या कामावर टेकलेलं होतं. आणि ते काम पंख्यामुळे जायची वेळ आली.

आमच्या बाजूला, वराळ्याच्या रस्त्याला, जिकडेतिकडे इमारती उभ्या राहतायत. सिमेंटची धूळ खिडकी बंद ठेवली तरी आत येते. ती संगणकाच्या पोटात जाऊन बसली, वर एप्रिलचा उकाडा, त्यात माझी जड जड ड्रॉइंग. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. मॉडेल जरा फिरवलं की पंखा असा काही ओरडायला लागायचा की आमच्या साहेबांनी भर मीटिंगमध्ये विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे पिठाची गिरणी आहे का?" सगळे हसले. मीही हसले. पुढच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा कुणी हसलं नाही. ते म्हणाले, बाहेरच्या कंपनीची माणसं मीटिंगला असतात, हे बरं दिसत नाही. घरी जमत नसेल तर ऑफिसात या, तिथे तुमची खुर्ची आहेच.

खुर्ची आहेच! मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

आबांबद्दल मी ऑफिसात कुणाला बोलले नव्हते. बाई घरून काम करते म्हटल्यावर लोक आधीच धरून चालतात की ही मधूनच कुकर लावत असणार. त्यात म्हातारे आंधळे वडील सांगितले की संपलंच. म्हणून मी तोंड शिवलेलं.

स्टेशनजवळ एक संगणक दुरुस्तीवाला आहे. त्यानं झाकण उघडून ब्लोअर मारला. धुळीचा असा लोट उठला की आम्ही दोघंही शिंकत बाहेर आलो. तो म्हणाला, धूळ गेली, पण खरा इलाज वेगळाच. संगणक किती तापल्यावर पंखा किती फिरवायचा हे आपल्या हातात असतं. त्यानं एक सॉफ्टवेअर घालून दिलं. पडद्यावर एक आलेख येतो. आडवं तापमान, उभा पंख्याचा वेग. मधली रेघ बोटानं ओढल्यासारखी माउसनं खालीवर करायची. पन्नास अंशांपर्यंत तीस टक्के, सत्तरला साठ टक्के, असं. पलीकडे आकडा दिसतो, पंखा मिनिटाला किती फेरे घेतोय त्याचा.

मी आठ दिवस त्या रेघेच्या मागे लागले. रेघ खाली ओढली की संगणक तापायचा आणि ड्रॉइंग अडखळायचं. वर नेली की गिरणी सुरू. शेवटी जमलं. तापमान क्षणभर वाढलं म्हणून पंख्यानं लगेच धावत सुटायचं नाही, जरा थांबून बघायचं, अशीही एक सोय त्यात होती. ती लावली आणि खोली शांत झाली. इतकी शांत की मला भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं. मी खुर्चीत मागे टेकले आणि मनात म्हटलं, चला, वाचलो.

कुठलं काय. आगीतून फुफाट्यात.

त्याच दुपारी हॉलमधून हाक आली. "अगं, हायस का?"

"आहे आबा."

दहा मिनिटांनी पुन्हा. "हायस का गं?"

"आहे!"

दिवसातून तीस-चाळीस वेळा तरी हेच. कधी पाणी मागायचे, कधी वेळ विचारायचे, पण खरं त्यांना पाणीही नको असायचं आणि वेळही. मी उठून गेले की म्हणायचे, "काय न्हाई, बस जा." मला वाटलं वयाचा परिणाम. मला वाटलं, आता डोक्यालाही सुरू झालं. मी त्यांच्यावर ओरडले. एकदा नाही, चांगली चार-पाच वेळा ओरडले. पूर्वी मीटिंगमध्ये पंख्याचा आवाज जायचा, आता आबांचा जायला लागला. मग मी हेडफोन कानावर घट्ट बसवायला लागले. आपलं बोलून झालं की माइक बंद. हाक कुणालाच ऐकू जायला नको. मलाही नको होती, खरं सांगायचं तर.

आणि मग ती मंगळवारची मीटिंग आली. बाहेरच्या कंपनीची चार माणसं, साहेब, आणि पडद्यावर माझं ड्रॉइंग. दोन महिन्यांचं काम. साहेबांची प्रस्तावना संपत आली होती, माझं नाव घेतलं, मी माइक सुरू केला, आणि पडदा काळा. डोक्यावरचा पंखा हळू होत होत थांबला. लाईट गेली म्हणून मी बाहेर आले, तर जिन्यात दिवा चालू.

आबा दाराशी भिंतीला धरून उभे होते. हात वर, मेन स्विचवर. घामानं बनियन भिजलेली. त्यांचा स्वतःचाही पंखा त्यांनी बंद करून टाकला होता.

"आबा, काय केलंत हे?"

ते दचकले. "तू हायस व्हय घरात?"

"मग कुठे जाणार?"

"तीन हाका मारल्या. मशीनचा आवाज न्हाई, मानूस बोलत न्हाई. म्हनलं खाली गेली आसंल दुकानात. म्हनून मेन बंद केला."

आबांनी अडतीस वर्षं कारखान्यात लेथवर काढली. तिथे एक शिस्त होती आणि ती त्यांनी आम्हाला लहानपणी पाढ्यांसारखी ऐकवलेली. मशीन उभं, म्हणजे थांबलेलं, आणि माणूस जागेवर नाही, तर जो बघेल त्यानं मेन बंद करायचा. विचारत बसायचं नाही. त्यांच्या शेजारच्या मशीनचा मेन कुणी बंद केला नव्हता म्हणून एकाची दोन बोटं गेली होती. त्यांनी घरात तेच केलं. त्यांच्या हिशेबानं त्यांनी मला वाचवलं होतं.

मी तोंड उघडलं असतं तर फार वाईट बोलले असते. मेन चालू केला, संगणक सुरू व्हायला, मीटिंगमध्ये परत शिरायला सात-आठ मिनिटं गेली. तोवर ती चार माणसं निघून गेली होती. साहेब एकटेच थांबले होते. रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, शुक्रवारी पुन्हा ठेवतोय. या वेळी आवाज नको आणि मधेच गायब होणं नको. नाहीतर सोमवारपासून पुण्याला येत चला.

संध्याकाळी भाकरी करताना मला उलगडलं. आबांना मी दिसत नाही. इतकी वर्षं त्या पंख्याच्या आवाजावरच त्यांना कळत होतं की आत मी आहे. आवाज चढला की कामात आहे, उतरला की चहा करेन. मी मोठ्या हुशारीनं तो आवाज काढून टाकला आणि आबांना एकटं पाडलं. मला याची लाज वाटली. आणि लाज वाटत असतानाच हेही वाटलं की आता हे आणखी एक माझ्याच गळ्यात आलं. दमलेल्या माणसाला नुसतं वाईट वाटून घेण्याचीही फुरसत नसते.

गुरुवारी दुपारी मी आबांना सगळं सांगितलं. साहेब काय म्हणाले, सोमवारी काय होऊ शकतं, वलवणचंही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग मी म्हटलं, "आपण मधला आवाज शोधू. मीटिंगमध्ये ऐकू जाणार नाही आणि तुम्हाला इथे कळेल, असा. मी आतून कमी करत जाते, तुम्ही सांगा."

कामाचं काही सांगितलं की आबांचा चेहरा अजून बदलतो. कॉटवर मांडी घालून बसले, मान तिरकी केली.

साठ टक्क्यांना त्यांनी मला ओरडून सांगितलं, "मोठा हाय, आनि कायतरी थरथरतंय. पत्रा ढिला आसंल बघ." मी बघितलं, बाजूच्या झाकणाचा एक स्क्रू खरंच सुटलेला. दुरुस्तीवाल्याच्या लक्षात आलं नव्हतं, मी तर रोज शेजारी बसत होते. स्क्रू आवळला. पन्नासला ते म्हणाले, "आता कसं. पन एकसारका ठेव. चडउतार झाली की कान तितंच जातो." हे तर मला आठ दिवस आलेख ओढून कळलं होतं.

"चाळीस. येतंय ऐकू?"

"येतंय."

मी माइकवर तपासलं. अगदी बारीक घूं येत होती. अजून कमी करून बघू म्हटलं.

"तीस?"

"येतंय की."

मला बरं वाटलं. म्हातारा कान अजून शाबूत आहे म्हटलं. पंचवीस. येतंय. मी रेघ आणखी खाली ओढली आणि आकडा धाडकन शून्यावर आला. इतक्या कमी वेगाला हा पंखा फिरतच नाही, थांबतो. घड्याळाची टिकटिक सुरू झाली.

"आबा, आता?"

कॉट जरा करकरली.

"येतंय. झकास हाय. ठेव तितंच."

मी उठून हॉलमध्ये गेले. आबा ताठ बसले होते, तोंड माझ्या खोलीकडे.

"आबा, पंखा थांबलाय."

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "आडतीस वर्सं मशीनवर गेली, चालू मशीन आनि उभं मशीन मला कळत न्हाई व्हय? तिसालाच बंद झालतं माझ्यापुरतं."

"मग येतंय येतंय काय म्हणत होता?"

"तुजं काम ऱ्हायलं पायजे. मी न्हाई हाक मारनार आता. बसंन गप."

मला आधी रागच आला. ज्या माणसावर मी आठवडाभर ओरडत होते, त्यानं इतकं शहाण्यासारखं वागावं याचा राग. आत गेले आणि रेघ चाळिसावर आणून ठेवली, सरळ, चढ नाही उतार नाही. दार उघडं ठेवलं.

शुक्रवारी मीटिंग सुरू झाली आणि पाचव्या मिनिटाला साहेब म्हणाले, "मॅडम, थोडा आवाज आहे अजून."

मी माइक बंद करणार होते. हात गेलाही होता. पण मीच थकले होते त्या लपवाछपवीला. मी म्हणाले, "हो सर. आणि तो एवढा राहणार. माझे वडील बाहेरच्या खोलीत असतात, त्यांना दिसत नाही. मी आहे की नाही हे त्यांना या आवाजावरून कळतं. यापेक्षा कमी मला करता येणार नाही."

बाहेरच्या कंपनीतल्या एकानं घसा खाकरला. मग साहेब म्हणाले, "बरं. ड्रॉइंग दाखवा." मी दाखवलं. पाऊण तास मी बोलत होते. सोमवारचा विषय निघाला नाही. पुढे निघेलही, मला त्याची खात्री देता येत नाही.

त्या पाऊण तासात हॉलमधून एकही हाक आली नाही. मला वाटलं, आवाज पोचतोय, झोपले असतील. हेडफोन काढून मी बाहेर गेले.

आबा कॉटवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते आणि तोंडावर उशी दाबून धरली होती, दोन्ही हातांनी. माझी चाहूल लागली तशी त्यांनी ती बाजूला केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, चेहरा लालबुंद.

"खोकला आलता," ते म्हणाले. "उशीत खोकलो. कुनाला आईकू न्हाई ना गेलं?"