बुटक्याचा डावा बूट

खोलीत शिरलो तेव्हा कोपऱ्यात एक टीव्ही होता आणि त्यावर हिरवं कापड टाकलं होतं. मस्कतमधलं सरकारी ऑफिस. कामगारांच्या दुखापतींची भरपाई ठरवणारी समिती. तिला टीव्ही कशाला लागतो? पडद्यामागे काय चाललंय याचा वास मला आधी येतो, जन्माचा सोंगाड्या मी. त्या दिवशी वास आला नाही.

"हाथ ऊपर," मधल्या खुर्चीतले ओमानी साहेब म्हणाले. अंगात पांढरा डिशडाशा, तिकडचा पायघोळ झगा, चेहरा शांत.

मी डावा हात उचलायला लागलो. छातीपर्यंत आला. मग खांद्यात खिळा ठोकावा तसं झालं.

"और ऊपर."

मी दात आवळले. कमरेत वाकडा झालो. शाळेत मास्तरांपुढे उभं राहावं तसं, मन लावून. हात वर जात नाही हे पटवायला मी तो वर नेत होतो. जीव तोडून.

बाजूला आमच्या कंपनीचे सबनीस साहेब बसले होते. कामगारांची भरती, रजा, व्हिसा, सगळं त्यांच्या हातात. माणूस पुण्याचा, बोलणं लोण्यासारखं. ते उठले, टेबलावरचं संत्रं उचललं आणि एकदम माझ्या डाव्या अंगाला फेकलं.

"कॅच!"

हात हलला नाही. संत्रं बरगडीवर आपटलं आणि खुर्च्यांखाली घरंगळत गेलं.

"उचल," साहेब मराठीत म्हणाले.

मी गुडघ्यावर बसलो. खुर्चीखाली शिरून उजव्या हाताने ते संत्रं काढलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. ठेवलं, मंडळी. रुमालाने पुसून.

"सर, ही इज ॲन ॲक्टर," साहेब हसले आणि त्यांनी टीव्हीवरचं कापड ओढलं.

आता थोडं मागचं सांगतो.

ओमानातल्याच सोहारच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या कंपनीची मेस होती. मी तिथे आचारी. भाताचा टोप दोघांनी उचलायचा असतो, मी एकटा उचलायचो आणि वर उचलताना मॅनेजरची नक्कलही करायचो. अख्खा कॅम्प हसायचा. मग सरकारी नियमाप्रमाणे मेसच्या लोकांना टायफॉइडची लस टोचायची ठरली. लस चांगली. टोचायला कंपनीने जो माणूस पाठवला तो घाईत होता. रांग लांब, बाहेर गाडी चालू. त्याने माझी बाही नीट वर केलीच नाही, कॉलर ओढली आणि खांद्याच्या अगदी टोकाला सुई खुपसली. बाकीच्यांचे दंड एक-दोन दिवस दुखले, खलास. माझा हात खाली आला तो पुन्हा वर गेलाच नाही.

सरकारी हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी खांदा दाबून पाहिला. म्हणाल्या, सुई फार वर गेली, सांध्यात. लशीची चूक नाही, टोचणाऱ्याची आहे. तसं त्यांनी लिहूनही दिलं. एका हाताचा आचारी गावी जाऊन काय करणार? म्हणून मी भरपाईचा अर्ज केला.

अर्ज गेला आणि सबनीस साहेब कॅम्पात आले.

हे साहेब कधी कॅम्पात येत नसत. आमच्या संडासाचा वास कपड्यांना चिकटतो आणि घरी त्यांच्या मुलाला उलटी होते म्हणे. पण त्या वर्षी मेसमध्ये आमचा दीड दिवसाचा गणपती बसला आणि साहेब दारात, हातात मिठाईचा खोका, खांद्यावर हँडीकॅम.

"काय कलाकार? दुखणं दुखणं काय करतोस? हसण्यावारी ने. तो बुटक्या कर ना आज. माझ्यासाठी."

साहेब आपल्या माणसांत आले म्हणून मी फुललो. गाढव मी.

बुटक्या म्हणजे दोघांचं सोंग. मी टेबलामागे उभा. माझ्या दोन्ही हातांत बूट घालून ते टेबलावर ठेवायचे, ते बुटक्याचे पाय. माझ्यामागे चादरीआड दुसरा माणूस, त्याचे हात कोटाच्या बाह्यांतून पुढे, ते बुटक्याचे हात. तोंड माझं, हात त्याचे. तो दुसरा म्हणजे हमीद. रत्नागिरीकडचा, मेसमध्ये माझ्याच शेगडीवर. त्या दिवशी त्याच्या हातांनी बुटक्याने दाढी केली, केळं खाल्लं, पावडर नाकात कोंबली. उजवा बूट नाचत होता. डावा उचलला जात नव्हता. मी अख्खं धड वाकवून तो पुढे ढकलत होतो. लोकांना वाटलं लंगडा बुटक्या केलाय. लोक लोळले.

हँडीकॅमचा लाल दिवा माझ्याकडे बघत होता. साहेब हसत नव्हते. तेव्हाच समजायला हवं होतं.

नंतर त्यांनी सगळ्यांदेखत हमीदचे दोन्ही हात धरले. "वा रे हमीद! काय हात आहेत!"

आणि आता समितीपुढे तीच कॅसेट. माझा चेहरा, खाली दोन धडधाकट हात. केळं सोलतायत.

"याचेच हात," साहेब इंग्रजीत म्हणाले. "बूट खालून कुणीतरी हलवतंय."

समितीतला एक जण हसला. मधले ओमानी साहेब माझ्याकडे बघत राहिले. "सदीक," म्हणजे दोस्त, "ये क्या है?"

माझी कला माझ्याविरुद्ध साक्षीला उभी होती.

"साब, पीछे लो," मी म्हणालो. "हाथ मत देखो. जूता देखो. लेफ्ट."

कॅसेट मागे गेली. सुरुवातीला, साहेबांनी कॅमेरा माझ्या तोंडाजवळ नेण्याआधी, टेबल अख्खं दिसत होतं. उजवा बूट उड्या मारत होता. डावा मेलेल्या कासवासारखा. तो सरकला की माझं तोंड वाकडं होत होतं. गणपतीत ज्या तोंडाला लोक हसले, ते तोंड. ओमानी साहेबांनी पुन्हा लावायला सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही.

"तो हाथ किसका है?"

मी सबनीस साहेबांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते.

"इनको मालूम है," मी म्हणालो.

"आय हॅव नो आयडिया," साहेब म्हणाले.

पुढच्या वेळी तो माणूस आणा, समितीने सांगितलं.

बाहेर उन्हात साहेबांनी गाडीचं दार उघडलं, आतला गार वारा माझ्या अंगावर आला. लोण्यासारखं बोलले. "हमीदला आणलंस तर तो पुढच्या विमानाने घरी. त्याची धाकटी बहीण लग्नाची आहे ना? त्यापेक्षा लिहून दे, हात गावी असतानाच माडावरून पडून गेला होता. मी तुला हलकं काम देतो. चहाबिहा. आणि पुढच्या गणपतीत बुटक्या हवा हं, तुझ्याशिवाय मजा नाही."

मी माडावर कधी चढलो नाही. मला उंचीची भीती वाटते.

कॅम्पात येऊन हमीदला काही सांगितलं नाही. तो पीठ मळत होता. मळता मळता म्हणाला, "कुणाचे हात विचारलेनी ना? साहेबांच्या ड्रायव्हरने सांगितलंन मला."

"तू येऊ नको, हमीद."

"हात माझे आणि लपवणार तू? कोण रे तू? सोंग करताना विचारलं होतंस का, व्हिसा जाईल का म्हणून?"

"बहिणीचं लग्न..."

"तिला सांगेन, भाऊ खोटं बोलला नाही म्हणून लवकर आला. गप, पाणी घाल."

तो आला. समितीपुढे टेबलावर त्याने पिठाच्या भेगा पडलेले दोन्ही हात ठेवले. कॅसेट लावली. डाव्या अंगठ्यावरचा भाजल्याचा डाग टीव्हीवर होता, टेबलावरही होता. "ये मेरा हाथ है," हमीद म्हणाला. सबनीस साहेब खाली काहीतरी लिहीत बसले. मला माहीत होतं कुणाचं नाव लिहितायत. हमीदलाही माहीत होतं.

ओमानी साहेबांनी मान हलवली. मग सवयीने माझ्याकडे वळले. "हाथ ऊपर."

"नहीं, साब."

"अरे दाखव ना, कलाकार," सबनीस साहेब म्हणाले. "एवढं काय त्यात?"

खांदा ठणकत होता. तोच खांदा मी किती खोल्यांत, किती खुर्च्यांपुढे वर नेऊन दाखवला होता, आणि प्रत्येक वेळी खाली येताना माझ्यातलं काहीतरी सोबत खाली आलं होतं.

"डॉक्टर ने लिखा. जूता आपने देखा. ये आदमी नौकरी छोड़के खड़ा है," मी म्हणालो. मग सबनीस साहेबांकडे वळलो आणि मराठीत सांगितलं, कारण ते त्यांनाच सांगायचं होतं. "साहेब, सोंग संपलं. भरपाई द्या, नका देऊ, मी इथे येत राहणार. पण हा हात आता कुणासाठी वर करून दाखवणार नाही. आणि खाली पडलेलं तुमचं संत्रं तुम्ही उचलायचं."