मिरच्यांच्या कारखान्याचं शोकपत्रक

झ्लात्का वुत्सोवाला राग यायला कारण लागत नसे, पण कारण असलं की तिला जरा जास्त बरं वाटे. बल्गेरियातल्या गोर्ना येलित्सा गावात सगळे तिला घाबरत आणि सगळे तिच्याकडेच येत. पाइप फुटला, पेन्शन अडकली, जावई पळाला, की "मावशी, जरा ओरडून या ना त्यांच्यावर." अठराव्या वर्षी ती मिरच्या भाजून बरण्यांत भरायच्या गावच्या कारखान्यात लागली, तीच मुळी ओरडायला. हाताखालच्या बाया शपथेवर सांगत, की झ्लात्काचा आवाज चढला की बरण्यांची झाकणं आपोआप घट्ट बसतात. कारखाना बंद पडला तेव्हा ती स्पेनला स्ट्रॉबेरी तोडायला गेली, तिथल्या मुकादमावर शुद्ध बल्गेरियनमध्ये ओरडली, आणि त्याला ते सगळं समजलं. ती परत आली तेव्हा गावातल्या निम्म्या दारांना कुलूप होतं.

त्यामुळे मागे पडलेल्या भागांसाठी युरोपातून पैसा मिळू शकतो हे कळताच तिने नगराध्यक्ष क्रूमला गाठलं. "कारखान्यावर छप्पर घाल, भट्ट्या दुरुस्त कर. बाया कामाला लागतील, गेलेल्यांतल्या चारदोन परत येतील. कर अर्ज."

क्रूम गोड माणूस. इतका गोड, की त्याच्याशी बोलून घरी आल्यावर लोकांना पाणी प्यावं लागे. "मावशी, माझ्या मनातलं बोललात," असं म्हणून त्याने राजधानीतून, सोफियाहून, प्लामेन नावाचा सल्लागार बोलावला. प्लामेनने गाव पाहिलं, म्हणजे गाडीची काच खाली केली, आणि निष्कर्ष काढला: कारखाना पाडायचा आणि त्या जागी संगीताच्या तालावर नाचणारं रंगीत कारंजं उभारायचं. असल्या गोष्टींचे फोटो चांगले येतात, म्हणे.

"आमच्या नळाला दिवसाआड पाणी येतं," झ्लात्का म्हणाली. "ते येऊन आधी नाचणार का?"

"मावशी, पर्यटक येतील."

"कारंजं बघायला? सोफियात काय पाणी आटलंय?"

पण नियमात एक मेख होती. गावसभा घेऊन लोकांचं म्हणणं इतिवृत्तात लिहिल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. क्रूमने सभेची सूचना नियमाप्रमाणे लावली, नगरपालिकेच्या बोळात, काचेच्या कपाटात, मागच्या निवडणुकीच्या यादीखाली. कुणी आलं नाही की कुणाचा विरोध नाही, इतकं सरळ.

झ्लात्काने दारोदार जाऊन सांगितलं. लोक हो हो म्हणाले आणि टोमॅटोला पाणी घालायला गेले. तेव्हा तिचं डोकं असं फिरलं, की ती तडक छापखान्यात गेली.

कारण या गावात एकच गोष्ट न चुकता वाचली जाते, शोकपत्रक. प्रत्येक दारावर, खांबावर, झाडावर काळ्या चौकटीतले चेहरे. माणूस गेला की एक, चाळिसाव्या दिवशी दुसरं, मग वर्षाचं, मग दहा वर्षांचं. लोक सकाळी पाव आणायला निघतात आणि वाटेत सगळे मेलेले वाचून येतात.

दुसऱ्या दिवशी खांबाखांबावर कारखान्याच्या फाटकाचा फोटो होता, काळ्या चौकटीत. "कळवण्यास अत्यंत दुःख होते, की आपल्या सर्वांचा लाडका मिरच्यांचा कारखाना आपल्यातून जात आहे. गुरुवारी चार वाजता वाचनालयाच्या सभागृहात जमावे."

सगळं गाव आलं. उभं राहायला जागा उरली नाही. क्रूमचा चेहरा पांढरा पडला, पण मग त्याने नीट पाहिलं. बाया काळ्या कपड्यांत होत्या. पुरुषांनी टोप्या काढल्या होत्या. गेंका आजींनी रिवाजाप्रमाणे साखर घातलेला उकडलेला गहू मोठं पातेलं भरून आणला होता आणि त्या एकेकाच्या तळहातावर चमचाभर ठेवत होत्या.

क्रूमच्या चेहऱ्यावर रंग परतला. त्याने सर्वांना दोन मिनिटं उभं केलं आणि भाषण केलं. काय सुरेख बोलला तो. भट्टीवाला पेत्को हुंदके देऊन रडला. "गुणाचा होता हो," कुणी म्हणालं. "हाल झाले बिचाऱ्याचे. सुटला," दुसरं कुणी म्हणालं. सगळ्यांनी देवाला कारखान्याच्या आत्म्यासाठी विनवलं, आणि प्लामेनने लॅपटॉपवर टिपलं: पाडकामास आक्षेप नाही.

झ्लात्काने त्याच्या खांद्यावरून ते वाचलं. इतकी वर्षं तिने जगाला शिव्या घातल्या होत्या. आपल्याच हाताने आपल्याच कारखान्याला मूठमाती दिल्याबद्दल स्वतःला कसल्या शिव्या घालतात, याचा तिला सराव नव्हता. म्हणून ती उभी राहिली आणि नेहमीप्रमाणे दुसऱ्यांवर ओरडली.

"गेंका आजी, तुमचा म्हातारा गेल्यावर त्याचा कोट दुसऱ्याला कधी दिलात?"

"चाळीस दिवस झाल्यावर. त्याआधी मेल्या माणसाच्या वस्तूला हात लावतं का कुणी?"

"हा क्रूम लावतोय. तुमच्या हातावरचा गहू संपला नाही, आणि हा मेलेल्याचं घर पाडायला निघालाय. अंगणात नाच ठेवलाय त्याने. गाण्यासकट."

सभागृहात कुजबुज झाली. त्या कुजबुजीचा सूर क्रूमसाठी चांगला नव्हता.

"चाळीस दिवस थांबता येणार नाही," प्लामेन म्हणाला. "अर्जाची मुदत त्याआधीच संपते."

"मग पाडायचं लिहू नकोस. आजी, मेलेल्याच्या घराचं छप्पर गळत असेल तर ते नीट करायला बंदी आहे?"

"बंदी कसली? पुण्य लागतं," आजी म्हणाल्या आणि प्लामेनच्या तळहातावरचा गहू परत पातेल्यात टाकला.

पेत्कोने डोळे पुसले. "भट्टीची चिमणीही लिही त्यात." मागून कुणी खिडक्या म्हणालं, कुणी वजनकाटा. रडायला आलेली माणसं एकेक करून चिडू लागली आणि त्यांचे चेहरे एकदम जिवंत दिसू लागले.

"आपण हे नंतर सविस्तर बसून..." क्रूम म्हणाला.

"बसलोच आहोत," झ्लात्का म्हणाली. "लिही रे. आणि मोठ्याने वाच."

प्लामेनने घाम पुसून टाइप केलं आणि वाचलं, "वापराअभावी मोडकळीस आलेला कारखाना..."

"थांब. वापराअभावी? झोपेत मोडला का तो? यंत्रं भंगारात गेली, ती स्वतः चालत गेली?"

बंद कारखान्याच्या चाव्या कुणाच्या खिशात होत्या, हे गावात प्रत्येकाला माहीत होतं. म्हणूनच इतकी वर्षं ते कुणी बोललं नव्हतं. आता सगळं सभागृह वळून क्रूमकडे पाहू लागलं.

"नाव लिही," झ्लात्का म्हणाली.