आवशीचा नाव

माझ्या नणंदेने हे निभावलं, हे आधी लिहिते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, लेकीच्या कॉलेजची सोय मी एकटीनेच केली.

माझी शाळा सातवीतच सुटली. नवरा गेल्यावर मी पुण्यात एका आजारी आजींना सांभाळायला राहिले आणि लेक कोकणात आचऱ्याला, तिच्या आत्याकडे राहिली. वन्संना मूलबाळ नाही. लेक फोनवर सांगायची, "आज आतेन शिरवाळे केल्यान, नारळाच्या रसाबरोबर." आजींना पेज भरवता भरवता मी "बरं" म्हणायची. दुसरं काय म्हणणार?

यंदा तिचं दहावं वर्ष पुरं होत आलं तशी माझी झोप उडाली. मुलींचं ते सुकन्या खातं दहा पुरी व्हायच्या आतच काढावं लागतं, असं आजींच्या मुलाने सांगितलं होतं. माझा भाऊ विम्याच्या पॉलिसीसाठी मागे लागला होता. मला स्वतःला पीपीएफ बरं वाटत होतं, कारण त्यातून काही वर्षांनी अडीअडचणीला थोडे काढता येतात. घराचं छप्पर आहे, आजारपण आहे, माझी नोकरी तर आजींच्या श्वासावर. चूक झाली तर पोरीचंही शिक्षण माझ्यासारखंच अर्ध्यावर राहील, या भीतीने मी रजा काढून गावी गेले.

वन्सं पडवीत नारळ सोलत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अडचणीक काढूक गावतत ना, मगे ते अडचणीकच जातले. तिच्या शिक्षणाशिवाय हात लावूक गावाचो नाय, असला काय आसा ता बघ गो."

म्हणजे सुकन्याच.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी पोस्टात गेलो. खिडकीतला कारकून नीट समजावून सांगत होता. "दहावी झाल्यावर कॉलेजसाठी निम्मे काढता येतात. करात सवलत आहे, व्याजावरही कर नाही."

"म्हणजे घरपट्टी माफ?" वन्संनी विचारलं.

"नाही हो मावशी, इन्कम टॅक्स."

"तो आमका खंयचो? येवंदे घराक, चाय पाजतलंय त्येका."

कारकून हसला, मीही हसले. मग त्याने लेकीकडे पाहून विचारलं, "पालक कोण?"

लेकीने वन्संचा पदर धरला. "ही."

तिचं काही चुकलं नव्हतं. शाळेत पालकसभेला वन्संच जातात, वहीवर पालकाची सही म्हणून त्यांचीच असते. तिच्यासाठी पालक म्हणजे आते. हे सगळं मला समजत होतं, तरी मी हातातला फॉर्म पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.

वन्संनी तिची बोटं पदरावरून सोडवली, माझ्या हातात दिली. "आवशीचा नाव घाला," त्या कारकुनाला म्हणाल्या. "मी आते." मासळीचा भाव ठरवतानाचाच त्यांचा आवाज होता. पण घरी पोचेपर्यंत त्या तो पदर सारखा करत राहिल्या.

वाटेत मी म्हटलं, "वन्सं, शिकायला ही बाहेर जाईल. मग तुम्ही एकट्या."

"जावची म्हणानच पैसे घालतंव ना?" त्या म्हणाल्या आणि पोरीला सावलीतून चालायला सांगू लागल्या.

माझी एसटी सुटली तेव्हा दोघी थांब्यावर उभ्या होत्या. लेकीने हात हलवला. दुसऱ्या हाताने पदर धरलेला होता.

आता दर महिन्याला पगारातले पैसे त्या खात्यात जातात, आणि प्रत्येक वेळी ती वन्संच्या घरातून थोडी थोडी बाहेर निघते आहे असं मला वाटतं. हे त्यांना खिडकीपाशीच कळलं होतं, माझ्याही आधी.

वन्सं, ज्या दिवशी ती शिकायला निघेल, त्या दिवशी मी आचऱ्याला येईन, कायमची. दुसऱ्याच्या घरातली म्हातारी माणसं सांभाळून हात चांगला बसलाय माझा. तुमची पेज, तुमचं दुखणंखुपणं, सगळं मी करीन. तोवर पोरीला पदर धरू द्या.