खोड आधी सांगायची

"आधी खोड सांग, मग गाय दाखव!" काष्टीच्या गुरांच्या बाजारात आमचे पारखी मामा असं ओरडले, की तिकडं श्रीगोंद्यात दावणीच्या म्हशी पान्हा सोडायच्या. खोटं वाटत असेल तर म्हशींना विचारा. मी टेम्पोतून जनावरं वाहणारा माणूस, माझा शब्द कोण धरणार! मामांचा मात्र सगळा बाजार धरायचा. मामा म्हणाले गाय चांगली, की गाय चांगली.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतून मामा उठले आणि डावा गाल सुजला. डोळा भोपळ्याएवढा. नगरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काळी बुरशी आहे. डोळ्याच्या खोबणीत शिरलीय. डोळा काढला नाही तर मेंदूत जाईल."

"बुरशी शिळ्या भाकरीला येती, बाई. मी शिळा दिसतो व्हय?" मग मामींकडं बघितलं. "काढा. पण दुसऱ्याला हात लावायचा न्हाई."

चार महिन्यांनी बाजारात आले. लेकानं दिलेला काळा चष्मा खिशातच. आम्ही नजर चुकवतोय, तोवर मामा माझ्या टेम्पोच्या फाळक्यावर चढले.

"वय बासष्ट. दात पुरे. शुगर हाय. डावा डोळा न्हाई. आता बोला!"

पण गिऱ्हाईक फिरकेना. एका डोळ्याचा पारखी कोणाला हवा? तीन बाजार मामा नुसता चहा पीत बसले. चौथ्या बाजारी एका व्यापाऱ्यानं गाय आणली आणि मुद्दाम मामांच्या डाव्या अंगाला उभी केली. "सांगा मामा, काय खोड हाय?" बघायला अख्खा तालुका लोटला, पार पुणतांब्याहून आलेली माणसं तर मी स्वतः मोजली.

मामांनी मानसुद्धा वळवली नाही. खाली बसून कासेला हात घातला, एकेक सड पिळला.

"मागचा डावा सड बंद हाय."

व्यापारी पांढराफटक. "चुकलो, मामा."

"चुकलासच. पाठीमागनं यायचं हुतं. तिकडचं मला दोन डोळे हुते तवाबी दिसत नव्हतं!"

त्या दिवशी मामांना चहा प्यायला सवड मिळाली नाही.

गेल्या हिवाळ्यात मामा गेले, झोपेत, हार्टनं. बुरशीला एक डोळा मिळाला, वर काही मिळालं नाही. हार घालायच्या फोटोसाठी स्टुडिओवाला मामींना म्हणाला, "कॉम्प्युटरवर दुसरा डोळा बसवून देतो. कळणारसुद्धा नाही."

"तुझ्या बापाला बसव," मामी म्हणाल्या. "ह्यो हाय तसाच मोठा कर. भिंतीएवढा."