भुताच्या बंगल्यातली अर्धी प्रदक्षिणा

आपल्याकडचं भूत साधं असतं. ते धरतं, एखादं लिंबू, नारळ, फार तर कोंबडं मागतं आणि सोडून जातं. परदेशातल्या भुतांना मात्र मास्तरकीची भारी हौस. टीव्हीला जोडून मी जो भुताचा गेम खेळत होतो, त्यातलं भूत परीक्षा घेतल्याशिवाय मला मारायलाच तयार नव्हतं. पियानोच्या पट्ट्या अमुक क्रमाने दाबा, मग कपाट उघडेल. भिंतीवरच्या तसबिरी वयाप्रमाणे लावा, मग किल्ली मिळेल. ज्याला मला शेवटी खायचंच आहे, त्याला माझ्या हुशारीशी काय करायचंय? पण भुताला कोण विचारणार, म्हणून मी निमूटपणे तसबिरी लावत होतो.

आमचं गाव शिरड शहापूरच्या जवळ. औंढ्याला एका कचेरीत माझी नोकरी, मोटारसायकलने जाणं-येणं, आणि संध्याकाळी हा उद्योग. वय तिशीपलीकडे. माझं लग्न जमतच आलंय, असं आई गेली काही वर्षं येईल त्याला सांगत असते. घरात आम्ही तिघं. मी, आई आणि माझ्याशी एक शब्दही न बोलणारे वडील.

ते का बोलत नव्हते, हे आधी सांगतो. आम्ही गुरव. गावातल्या महादेवाची पूजा आमच्या भावकीत पाळीपाळीने चालते आणि आमच्या घरची पाळी वडिलांनी जन्मभर सांभाळली. मागच्या पावसाळ्यात ते गाभाऱ्यातल्या ओल्या दगडावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. नांदेडच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं आणि बजावलं की यापुढे मांडी घालून बसायचं नाही, ओल्यात पाय ठेवायचा नाही. वडिलांनी मान डोलावली आणि घरी आल्यावर वॉकर घेऊन गाभाऱ्यात कसं शिरता येईल याचा बेत सुरू केला. तेव्हा मी पारावर जाऊन, चार लोकांसमोर, आमची पाळी चुलतभावाकडे देऊन टाकली. वडिलांना विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते हे मला ठाऊक होतं. मी बरोबरच केलं. आजही तेच म्हणतो.

त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलायचे बंद झाले. हाताच्या अंतरावर मी बसलेलो असताना ते आईला हाक मारून सांगत, त्याला म्हणाव पंखा कमी कर. आई स्वयंपाकघरातून येऊन मला म्हणे, पंखा कमी कर. मी पंखा कमी करी. मग आई त्यांना जाऊन सांगे की पंखा कमी झाला. सरकारी कागदसुद्धा एवढ्या टेबलांवरून फिरत नाही. मी वरवर हसत होतो, पण मला ते फार लागत होतं. त्यांनी माझ्याशी बोलावं एवढंच हवं होतं मला. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

तर गेम. बंगल्याच्या मधल्या चौकात एक काळा, गुळगुळीत, उभा दगड होता. दगडावर वरून थेंब थेंब पाणी पडायचं आणि ते एका अरुंद पन्हळीतून वाहत भिंतीबाहेर जायचं. पलीकडे लोखंडी दार, त्यावर एक घंटा. दारावर कोरलेलं होतं की दिवा हाती घेऊन दगडाभोवती जो फेरी पूर्ण करेल, त्याला वाट मिळेल. मला वाटलं, हे तर लेकराचं काम. पियानोने छळलं, तसबिरींनी छळलं, आता भुताला माझी दया आली म्हणायची.

मी दिवा घेतला, फेरी घातली, दिवा विझला. पुन्हा घातली, पुन्हा विझला. हळू चाललो, पळत गेलो, भुताच्या वाऱ्याने विझत असेल म्हणून आडोशाने गेलो. काही केल्या घंटा वाजेना, दार उघडेना. आणि दिवा विझला की मागच्या जिन्यावरून ते भूत खाली येई आणि माझी मान मुरगाळी. आठवडाभर मी ऑफिसातून घरी येत होतो ते मान मुरगाळून घ्यायलाच.

वडील खिडकीजवळच्या खुर्चीत टीव्हीकडे पाठ करून बसत. उठता-बसताना सरकू नये म्हणून मी खुर्ची भिंतीशी ठेवली होती, ती रोज थोडी थोडी तिरकी होत गेली. आधी त्यांचा एक कान टीव्हीकडे आला, मग एक डोळा. मी वळून पाहिलं की ते झटकन जपाच्या माळेकडे बघत. माझी मान मोडली की त्यांच्या घशातून एक बारीकसा आवाज येई. तो खोकला होता असं समजायला मी तयार होतो.

शेवटी लाज सोडून मी मोबाईलवर उत्तर शोधलं. कुणी एक पोरगा हिंदीत दोस्तो दोस्तो ओरडत तो गेम खेळत होता. त्याने दिवा उचलला, दगडाभोवती गरकन फिरला, घंटा वाजली आणि दार उघडलं. मी पुन्हा पाहिलं. तो करत होता ते आणि मी करत होतो ते, यात मला काही फरक दिसेना. त्याचा गेम वेगळा निघाला असणार, आम्हाला मराठवाड्यात नेहमीसारखा उरलासुरला माल पाठवला असणार, असंही माझ्या मनात येऊन गेलं.

मग दिसलं. तो पोरगा पन्हळ ओलांडत होता.

महादेवाची प्रदक्षिणा पूर्ण घालत नाहीत. पिंडीवरचं पाणी ज्या पन्हळीतून बाहेर जातं तिथवर जायचं, तिथूनच मागे फिरायचं आणि उलट्या बाजूने पुन्हा पन्हळीपर्यंत यायचं. ती ओलांडायची नसते. वडिलांचं बोट धरून मी हे चालायला शिकलो तेव्हापासून करत आलोय. आता कंट्रोलरवरचे माझे अंगठेही तेच करत होते. रोज संध्याकाळी मी पन्हळीपर्यंत जात होतो, अदबीने मागे फिरत होतो आणि फेरी अर्धी राहिली म्हणून मरत होतो. भुताच्या बंगल्यात इतकी भक्ती याआधी कुणी केली नसेल.

मला स्वतःची दया आली आणि हसूही आलं. देवळात चुलतभावाची सांजपूजा सुरू झाली होती, तिकडची घंटा ऐकू येत होती. मी दिवा उचलला. दगडाच्या डावीकडून निघालो, पन्हळीपाशी पोचलो, आणि या वेळी मागे न फिरता सरळ पुढे जायला अंगठा टेकवला.

"थांब. वलांडू नको."

मी थांबलो. पडद्यावर माणूस थांबला. स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणंही थांबलं.

"बाबा, गेम हाय हा," मी म्हणालो.

"गेम आसंल. पाय तर तुझेच हायेत नं?"

इतक्या दिवसांनी ते माझ्याशी बोलले होते. तो महादेव नाही, परदेशातल्या लोकांनी बनवलेला नुसता एक दगड आहे, एवढं कसंबसं बोललो. त्यांनी विचारलं, पाणी कोणत्या दिशेला जाऊन राहिलंय. मी पडद्याच्या कोपऱ्यातलं होकायंत्र पाहिलं. नेमकी उत्तर, आमच्या महादेवाच्या पन्हळीसारखीच. मग कसं काय न्हाई म्हणतो, असं म्हणून त्यांनी खुर्ची पुरती टीव्हीकडे वळवली. मग साठलेलं सगळं बाहेर आलं. पडद्यावरच्या त्या बाप्याने देवाजवळ जोडे काहून घातले, एवढं पाणी पडतंय तर एक बेलाचं पान काहून न्हाई, आणि भूत मागून येतंय तर तू येड्यासारखा जिन्याकडं पाठ करून काहून उभा राहतो. बोलता बोलता ते पाळीवर आले. पारावर चार लोकांसमोर पाळी देऊन टाकलीस, मला इचारलंबी न्हाईस, म्हणाले. मी म्हणालो, विचारलं असतं तर तुम्ही ऐकलं नसतं. ते म्हणाले, नसतंच ऐकलं, पण इचारायचं तरी.

तेवढ्यात भुताने माझी मान मुरगाळली. ते दोघांनीही मनावर घेतलं नाही.

आता आमच्या घरची पद्धत अशी आहे. गेममध्ये माणूस बदलता येतो, तसा मी बदलला. त्यात एकच अनवाणी आहे, एक म्हातारा संन्यासी, धावायला सगळ्यात ढिला आणि मरायला सगळ्यात पुढे. देवळातली घंटा वाजायला लागली की वडील हातपाय धुऊन खुर्चीत बसतात आणि म्हणतात, चालव. मी दिवा घेऊन पन्हळीपर्यंत जातो, मागे फिरतो, दुसऱ्या बाजूने पुन्हा पन्हळीपर्यंत येतो. त्यांचे ओठ हलत असतात. पन्हळ न ओलांडता दार उघडायची काहीतरी वाट असणारच, असं त्यांचं ठाम म्हणणं आहे. मीही मान डोलावतो. उत्तर मला माहीत आहे आणि दार बंदच आहे. पलीकडे आणखी किती कोडी आहेत, कुणास ठाऊक. लोक गेम जिंकतात, आम्ही चालवतो.

परवा ऑफिसात एका बैठकीने उशीर केला. औंढ्यातून निघता निघता फोन वाजला. वडील मला स्वतःहून कधी फोन लावत नाहीत, म्हणून मी गाडी कडेला घेऊन तो घाईने उचलला.

"पाळीची येळ झाली," ते म्हणाले. "कुठं हायेस तू?"

निघालोच, असं मी म्हणालो आणि गाडी जोरात हाणली. भूत थांबलं असतं, पण पाळी चुकवायची नसते.